झंस्कारच्या राफ्टिंगमधला चढाईचा दिवस: आधी पाय सुकवा

प्रश्न असा आहे: "आम्ही बेळगाव-खानापूरचे आठ जण ऑगस्टमध्ये लडाखातल्या झंस्कार नदीवर राफ्टिंगला निघालोय. पदुमच्या बाजूला नदीत उतरून निमूपर्यंत जायचं, मुक्काम नदीकाठी तंबूत. मध्ये नेरकला एक दिवस थांबून वर गावापर्यंत चढून यायचं ठरलंय. दांडेलीचं राफ्टिंग सगळ्यांनी केलंय, आपल्याकडचे ट्रेकही करतो. त्या एका दिवसासाठी वेगळे बूट न्यायचे का? तो दिवस विश्रांतीचा धरला तर चालेल का? आणि माझे काका ५८ वर्षांचे, बीपी आणि शुगरची गोळी चालू आहे, त्यांना वर न्यावं का?"

बूट वेगळेच न्या, त्यात काटकसर नको. विश्रांतीचा दिवस धरू नका. काकांचं एका शब्दात सांगता येत नाही, त्यांच्याबद्दल शेवटी लिहितो.

मी खानापूरकडचा. डोंगर आणि नदी दोन्हीकडे माणसं घेऊन जाणं हेच माझं काम. अशा सहलींत लोकांना भीती असते ती नदीच्या फेसाळत्या टप्प्यांची. तिथं हेल्मेट असतं, लाइफ जॅकेट असतं, मागं वल्ह्यावर अनुभवी गाइड असतो. चढाईच्या दिवशी मात्र "आज काय, नुसतं चालायचं तर आहे" म्हणून सगळे ढिले पडतात. माझ्या पाहण्यात पाय मुरगळणं, फोड येणं, ऊन लागणं, उशीर होऊन अंधारात उतरणं, हे बहुतेक याच दिवशी घडतं. कारण साधं आहे. त्या सकाळी तुम्ही घरून ताजेतवाने निघालेले नसता. दोन-तीन दिवस नदीनं तुमचे पाय भिजवलेले असतात, कंबर आखडलेली असते आणि खांदे भरून आलेले असतात. त्या अंगानं चढायचं असतं.

दांडेलीचा अनुभव इथं अर्धाच कामी येतो. काळी नदीवर आपण गणेशगुडीला राफ्टमध्ये बसतो. पाणी सुपा धरणातून सोडलेलं, फार गार नाही. दोन-तीन तासांत खेळ संपतो, कपडे बदलून जेवायला बसतो. ओले पाय तासाभरात कोरडे. झंस्कारला पाणी बर्फ वितळून आलेलं, आणि भिजणं रोजचं. राफ्टच्या तळाशी पाणी खेळतच असतं, पाय त्यातच अडकवून बसायचं असतं. कंपनीनं दिलेले रबरी बूट थंडी अडवतात, पण आतला पाय ओलाच राहतो. संध्याकाळी बूट काढले की बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली दिसते. आषाढात जांबोटी-कणकुंबीकडे भाताची रोपं लावलेल्यांना हे सांगायला नको. चार दिवस चिखलात उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात आणि चपलेचा अंगठासुद्धा टोचायला लागतो. तीच कातडी घेऊन दगडगोट्यांच्या चढावर निघालात तर ती सोलून निघते. आमच्या एका गटात शेतीत राबणारा, सगळ्यांत दणकट पोरगा होता. दोन दिवस त्यानं संध्याकाळी पाय पुसले नाहीत, ओल्या मोज्यांवरच फिरत राहिला. तिसऱ्या दिवशी चढाला लागून तास व्हायच्या आत त्याच्या टाचेची कातडी रुपयाएवढी निघाली. दम भरपूर होता, पण पाऊल टेकवत नव्हतं. त्याला तिथूनच खाली परत पाठवावं लागलं.

म्हणून चढाईच्या दिवसाची तयारी नदीवरच्या पहिल्या संध्याकाळी सुरू होते. काठाला लागलात, सामान उतरवलंत, की चहाच्या आधी पाय. झंस्कारचं पाणी मातकट असतं. त्यातला बारीक गाळ बोटांत अडकतो आणि रात्रभर घासत राहतो, म्हणून आधी स्वच्छ पाण्यानं पाय धुवा. मग प्रत्येक बेचकं वेगळं पुसा. वरवर टॉवेल फिरवून भागत नाही. अर्धा तास पाय उघडे ठेवा, पण सावलीत, कारण तिथल्या उन्हानं पायाची वरची बाजू भाजते. नंतर कोरडे लोकरी मोजे घाला. ही जोडी फक्त तंबूत वापरायची. ती घालून कोणी वाळूवर चहा प्यायला गेला की त्या जोडीचा उपयोग संपला.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या दमट हवेत राहणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. लडाखची हवा कमालीची कोरडी. दिवसभर भिजलेली टाच रात्रीत सुकते आणि तिला भेगा पडतात. यावर रोज रात्री पातळ व्हॅसलीन लावा. खोबरेल नेऊ नका असं नाही, पण तिथल्या थंडीत ते बाटलीत थिजून बसतं आणि बाहेर येत नाही. चढाईच्या आदल्या रात्री मात्र टाचेला काही लावू नका, कारण सकाळी तिथं कापडी चिकटपट्टी लावायची आहे आणि तेलकट कातडीवर ती धरत नाही. फोड आल्यावर पट्टी लावण्यात अर्थ नाही. निघायच्या आधी, कोरड्या टाचेवर, सुरकुती न पाडता लावायची, कडा गोल कापून. चौकोनी कोपरा मोज्याला लागून उचकटतो.

बुटांबद्दल. घोट्याला आधार देणारे, तळ खरबरीत असलेले आणि निदान महिनाभर वापरून पायाला बसलेले बूट हवेत. नवे कोरे बूट लेहच्या बाजारात घेऊन थेट तिथं घालणं म्हणजे दुखणं विकत घेणं. नदीत वापरायचे पट्ट्यांचे सँडल चढासाठी चालणार नाहीत. तिथल्या उतारांवर सुटे दगड आणि खडी असते, पाऊल टाकलं की घसरते आणि खडे तळव्याखाली शिरतात. बुटांसाठी वेगळी छोटी ड्राय बॅग, म्हणजे पाणी आत न शिरणारी पिशवी, घ्या. आत आधी एक जाड प्लास्टिकची पिशवी, मग ड्राय बॅग, तोंड तीनदा गुंडाळून हवा दाबून काढलेली. सगळं सामान एकाच मोठ्या बॅगेत कोंबलं आणि कोणी टॉवेल काढायला ती राफ्टवर उघडली, तर बूट भिजलेच म्हणून समजा. चढाईचा दिवस उजाडेपर्यंत ही छोटी पिशवी कोणीही उघडायची नाही.

कंबर आणि मांड्यांचा विचारही कोणी करत नाही. राफ्टच्या कडेवर आपण तिरके बसतो, एक पाय अडकवून, एकाच बाजूला वाकून वल्हं मारतो. दिवसभरात कंबर एका अंगाला आखडते. त्यामुळे आज डावीकडे बसलेल्यानं उद्या उजवीकडे बसावं, गाइडला आधीच सांगून ठेवा. संध्याकाळी मांडीचा मागचा भाग आणि कंबर ताणायला पाच-दहा मिनिटं द्या. चढाच्या दिवशी पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला. खरं तर पूर्ण दिवसच हळू चालायचा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, लेह साडेतीन हजारांवर. त्या उंचीला हवेतला ऑक्सिजन समुद्रकिनाऱ्याच्या मानानं साधारण दोन तृतीयांशच मिळतो. राजहंसगडावर तुम्ही ज्या वेगानं चढता तो तिथं विसरा. चालता चालता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटायला लागलं की वेग कमी करायचा.

एक गोष्ट तुमच्या बाजूनं आहे. नदीवर उतरेपर्यंत लेह आणि पदुमला तुमचे काही दिवस गेलेले असतील आणि नदी तुम्हाला रोज थोडं खालीच नेते. त्यामुळे नेरकला पोचेपर्यंत शरीर बरंच रुळलेलं असतं. पण चढाईत परत उंची घ्यायची असते. सकाळी डोकं दुखत असेल, मळमळत असेल, जेवण नको वाटत असेल, तर त्या माणसानं वर जायचं नाही. "चालायला लागलं की बरं वाटेल" हे उंचीवर खोटं ठरतं. विरळ हवेच्या त्रासासाठी डायमॉक्सची गोळी अनेक जण घेतात. ती निघायच्या आधी आपल्या डॉक्टरला विचारूनच घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. ओढे.

आपण खानापूरच्या जंगलात वाढलेली माणसं. ओढा कधी फुगतो हे आपल्याला लहानपणापासून कळतं. वर चोर्ल्याकडे आभाळ काळं झालं की खाली ओढा ओलांडायचा नाही, पाऊस थांबला आणि तास-दोन तास गेले की पाणी उतरतं. म्हणजे ढग असले तर धोका, ऊन पडलं तर रस्ता मोकळा. हा हिशोब इथं बरोबर आहे, तिथं तो अगदी उलटा पडतो. लडाखात ऑगस्टच्या स्वच्छ, कडक उन्हाच्या दिवशीच ओढे वाढतात, कारण वरचं बर्फ आणि हिमनद्या उन्हानं वितळतात. रात्रीच्या गारठ्यात वितळणं मंदावतं, म्हणून पहाटे पाणी सर्वांत कमी. दुपारनंतर वाढत जातं. सकाळी सात वाजता घोटाभर पाण्यातून हसत ओलांडलेला ओढा चार वाजता गुडघ्याच्या वर असू शकतो, वेगानं, दगड लोटत, आणि गढूळ, म्हणजे तळ दिसत नाही. आकाश मात्र निळंशार असतं. आपल्या माणसाला त्यात धोका दिसतच नाही, म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगतो.

याचा उपाय घड्याळात आहे. पहाटे उजेड होताच निघा आणि परतीची वेळ वर पोचण्यावर अवलंबून ठेवू नका. अकरा वाजता तुम्ही जिथं असाल तिथून वळायचं. गाव दोनशे पावलांवर दिसत असलं तरी. ही वेळ आदल्या रात्री सगळ्यांसमोर ठरवा आणि पाळायला एकच माणूस नेमा, जो गटात सर्वांत उत्साही नाही असा. जाताना वाटेत ओढा लागला तर त्यातल्या एखाद्या ठळक दगडावर पाणी कुठपर्यंत आहे ते बघून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा. येताना तोच दगड बुडालेला असेल तर घाई करू नका, वरच्या बाजूला रुंद आणि पसरट जागा शोधा. ओलांडताना पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडा, काठी वरच्या अंगाला टेकवा, पाऊल घासत न्या. बूट काढून अनवाणी जाऊ नका. त्यासाठी नदीचे जुने सँडल पिशवीला बांधून ठेवा. ते फक्त एवढ्यासाठी.

आणि पावसाचा धोका तिथं नाही असं अजिबात समजू नका. ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटी झाली तेव्हा चिखल आणि दगडांच्या लोंढ्यांनी वस्त्याच्या वस्त्या गाडल्या. तिथले डोंगर उघडे आहेत. माती धरायला आपल्यासारखं जंगल नाही. थोड्या पावसानंही घळीतून दगड सुटतात. पावसाची चिन्हं दिसली की चढाई रद्द. राफ्टिंगची हेल्मेटं तंबूत ठेवू नका, खडीच्या उतारांखालून जाताना घाला. वर चरणारे भरल, म्हणजे तिथल्या रानमेंढ्या, खुरांनी दगड सोडतात. ते खाली येतात तेव्हा आवाज ऐकून बाजूला व्हायला वेळ नसतो. एकाखाली एक उभं राहून चढू नये, हेही त्याचसाठी.

दुपारचा वारा हे लवकर परत येण्याचं दुसरं कारण. त्या खोऱ्यांत दुपारनंतर जोराचा वारा सुटतो. तुम्ही वर असताना खाली तंबू रिकामे असतात आणि रिकामा तंबू उडतो. निघण्याआधी आत जड सामान ठेवा, दोऱ्यांवर दगड ठेवा, चेन लावा. तंबू पाण्याच्या काठापासून वरच्या अंगाला असू देत, कारण मुख्य नदीही दिवसात वर-खाली होते.

गावात पोचलात तर थोडं भान ठेवा. ऑगस्टमध्ये जवाची आणि वाटाण्याची शेतं उभी असतात, त्यांना बारीक पाटांनी पाणी दिलेलं असतं. पाटाच्या कडेवर पाय देऊ नका, ती फुटली की शेतकऱ्याचं अख्ख्या दिवसाचं पाणी जातं. वाटेत मणींची भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची) किंवा छोर्तेन, म्हणजे बौद्ध स्तूप, लागला तर तो आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. माणसांचे फोटो विचारून. चहाला बोलावलं तर बसा, बोला. माझ्या मते चढाईचं सार्थक तिथं होतं. गाव बघायचं म्हणून गेलात आणि फक्त ड्रोन उडवून आलात तर न गेलेलं बरं.

खाण्यापिण्याचं फार लांबवत नाही. माणशी निदान तीन लिटर पाणी, उकळलेलं. नदीचं पाणी इतकं गाळाचं असतं की छोटे फिल्टर लगेच तुंबतात. ओआरएसची पाकिटं न्या. उंचीवर भूक मरते, म्हणून जे आवडीनं खाल तेच घ्या. आमच्याकडून गोकाकचं करदंट जातं. डिंक, सुकामेवा आणि गूळ, टिकतं आणि चावायला वेळ लागतो म्हणून बसून खाल्लं जातं. गूळ-शेंगदाणे आणि भडंग आहेच. कुंदा लेहला पोचेपर्यंत संपवा. उन्हासाठी पूर्ण बाह्यांचा शर्ट, मानेपर्यंत झाकणारी टोपी, काळा चष्मा आणि सनस्क्रीन हवंच. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. हवा गार असल्यामुळे भाजतंय हे संध्याकाळपर्यंत कळत नाही.

सराव इथंच करता येतो. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, एक शनिवार-रविवार काढा. शनिवारी रामनगरच्या वाटेनं गणेशगुडीला जाऊन राफ्टिंग करा आणि संध्याकाळी परत या. पाय मुद्दाम उशिरापर्यंत ओले ठेवा. रविवारी पहाटे येळ्ळूरचा राजहंसगड किंवा देवरवाडीच्या वैजनाथाकडून महिपाळगड, गाडीरस्ता सोडून पायवाटेनं, पाठीवर सात-आठ किलो घेऊन. तुमचे बूट, मोजे आणि टाच यांचं जमतंय की नाही हे त्या एका रविवारी समजेल. काळीच्या काठच्या जंगलात मात्र मनानं घुसू नका. तो काळी व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, तिथं परवानगीशिवाय पायी फिरता येत नाही. भीमगड अभयारण्याचंही तेच. जून-जुलैत पावसात जिथं परवानगी आहे तिथं चालत राहा, दर आठवड्याला एक लांब चाल. धबधब्यांखाली जायची हौस त्या दोन महिन्यांत बाजूला ठेवा.

आता काका. ५८ हे वय आड येत नाही. साठीच्या पुढची माणसं तिथं आरामात चढताना मी बघितली आहेत. त्यांच्या बाबतीत मला काळजी वाटते ती शुगरची, आणि त्यातही पायांची. बरीच वर्षं शुगर असेल तर पायाच्या बोटांतली जाणीव कमी झालेली असू शकते. तुम्हाला बुटात खडा गेला तर लगेच कळेल, त्यांना कदाचित फोड फुटल्यावरही कळणार नाही. त्यात तीन दिवस भिजलेली कातडी. म्हणून आधी डॉक्टरांकडून पायांची जाणीव तपासून घ्या, रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी आहे का ते विचारा आणि उंचीवर डोस बदलायचा का तेही. त्यांना फिटनेसचं लेखी पत्र मिळालं तर राफ्टिंगला जरूर न्या. शुगरची गोळी चालू असताना चालता चालता साखर उतरू शकते, म्हणून ग्लुकोजची पुडी त्यांच्या स्वतःच्या खिशात असू दे, तुमच्या पिशवीत नको. नदीवर रोज संध्याकाळी त्यांचे तळवे तुम्ही स्वतः बघा, बॅटरी लावून, बोटं फाकवून. त्यांना संकोच वाटेल, तरी बघा. चढाईच्या सकाळी तळव्यावर लाल डाग किंवा फुटलेली कातडी दिसली तर त्यांनी खालीच थांबायचं, वाद नाही. नेरकला नदीजवळच धबधबा आहे. तिथपर्यंत रमत गेलं तरी त्यांचा दिवस छान जाईल. त्यांच्याबरोबर तुमच्यातलं कोणीतरी राहा, एकट्याला सोडू नका. आणि कोण राहणार हे बेळगावातच ठरवा, तिथं पहाटे ठरवायला गेलात की सगळ्यांनाच वर जायचं असतं.

फोनचं लक्षात ठेवा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, पोस्टपेडच लागतं, आणि नदीच्या घळीत तेही धरून चालू नका. निमूहून पदुममार्गे हिमाचलातल्या दारचा गावापर्यंत जाणारा रस्ता २०२४ मध्ये जोडला गेला, त्यामुळे पूर्वीपेक्षा मदत लवकर पोचू शकते. पण ती कुठून, कशी, हे कंपनीला माहीत पाहिजे.

म्हणून पैसे भरण्याआधी कंपनीला तीन गोष्टी विचारा. चढाईला आमच्याबरोबर कोण येणार: राफ्टचा गाइड, की डोंगराची माहिती असलेला स्थानिक माणूस? आम्ही वर असताना राफ्ट आणि तंबूंपाशी कोण थांबणार? आणि नेरकजवळ कोणाचा पाय मोडला तर त्याला रस्त्यापर्यंत कसं आणणार, स्ट्रेचर कुठं आहे? तिसऱ्या प्रश्नाला "तशी वेळ येत नाही" असं उत्तर आलं तर दुसरी कंपनी बघा.